एक स्पर्शिका, एकोणीस ठिपके

दहावीच्या सराव परीक्षेसाठी मागच्या वर्षी आम्ही भूमितीची एक प्रश्नपत्रिका तयार केली. तीत एक साधी आकृती होती: वर्तुळ, त्याची एक स्पर्शिका, स्पर्शबिंदूपर्यंत काढलेली त्रिज्या आणि त्रिज्येशेजारी लिहिलेले '२.५ सेमी'. आकृती संगणकावर नीट मापात काढली होती. प्रश्नपत्रिका छापून आली तेव्हा रेषांच्या कडेने करडा धुरळा उडाल्यासारखे दिसत होते. त्या धुरळ्यात २.५ मधले दशांशचिन्ह हरवले. निम्म्या वर्गाने त्रिज्या २५ सेमी धरून उदाहरण सोडवले आणि उत्तरे तपासताना गुण द्यायचे की कापायचे, यावर शिक्षकखोलीत बराच खल झाला.

परीक्षेनंतर एका मुलीने वेगळीच शंका काढली. ती म्हणाली, "सर, स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते ना? मी संगणकावर आकृती मोठी करून पाहिली. इथे तर ती वर्तुळावर चांगली ऐसपैस बसली आहे."

दोन्ही तक्रारी एकाच फाइलबद्दल होत्या, पण त्यांची कारणे वेगळी आहेत. मुलीची शंका आकाराचे ठिपके करण्यातून आलेली, तर दशांशचिन्हाचे हरवणे त्या ठिपक्यांची फाइल आवळून लहान करण्यातून आलेले. या दोन्ही कामांचा इतिहास साठ-सत्तर वर्षांचा आहे आणि तो वर्गात सांगण्यासारखा आहे.

आधी त्या मुलीच्या शंकेकडे पाहू. समजा वर्तुळाची त्रिज्या १०० ठिपके आहे. माथ्यावरची आडवी स्पर्शिका म्हणजे केंद्रापासून वर मोजलेली १०० वी ओळ. केंद्रापासून डावीकडे किंवा उजवीकडे क्ष ठिपके सरकलो, तर वर्तुळाची उंची पायथागोरसच्या प्रमेयानुसार १०००० मधून क्षचा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. पडद्याला अर्धा किंवा पाव ठिपका ठाऊक नाही, म्हणून ही उंची जवळच्या पूर्णांकावर न्यावी लागते. क्ष ९ असताना उंची ९९.५९ येते, म्हणजे १०० वी ओळ. क्ष १० झाला की ती ९९.५० च्या किंचित खाली उतरते, म्हणजे ९९ वी ओळ. उणे ९ पासून अधिक ९ पर्यंत एकूण १९ ठिपके वर्तुळाचेही आहेत आणि स्पर्शिकेचेही.

ठिपके बारीक केले तर ही अडचण सुटेल असे वाटते. आता गंमत पाहा. तेच वर्तुळ चौपट बारीक ठिपक्यांनी, म्हणजे ४०० ठिपक्यांच्या त्रिज्येने काढले, तर सामाईक ठिपके ३९ होतात. सामाईक भागाची लांबी निम्म्यावर येते, त्यामुळे डोळ्याला आकृती सुधारलेली दिसते. पण संख्या वाढते. एक या उत्तराकडे आपण ठिपक्यांच्या वाटेने जातच नाही. 'एकाच बिंदूत स्पर्श' हे सत्य आकृतीच्या वर्णनात असते, तिच्या ठिपक्यांत नसते.

चित्र सांगण्याच्या दोन रीती आहेत त्या अशा. एका रीतीत आपण कृती सांगतो: या बिंदूवर केंद्र, इतकी त्रिज्या, वर्तुळ काढा, इथून तिथे रेष ओढा. याला सदिश चित्र म्हणतात. भूमितीच्या पुस्तकात 'रचनेच्या पायऱ्या' असतात, त्याच या. दुसऱ्या रीतीत दसुतीच्या कापडावर टाके घालावेत तसे प्रत्येक घराचा रंग सांगत जायचे. मोर असो की वर्तुळ, दसुतीला फक्त घरे ठाऊक असतात.

दोन्ही रीती संगणकात जवळपास एकाच काळात आल्या. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकाला 'वाचायला' दिला. तो १७६ गुणिले १७६ घरांत बसवला होता. फोटोला रचनेच्या पायऱ्या नसतातच, त्यामुळे घरे हाच मार्ग होता. उलट बाजूने, १९६३ साली आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने एम.आय.टी.ला पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. 'स्केचपॅड' हा त्यातला चित्रकलेचा प्रोग्राम लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकावर चाले. प्रकाशलेखणीने पडद्यावर वेड्यावाकड्या रेषा ओढायच्या आणि मग सांगायचे, या दोन समांतर कर, त्या दोन समान कर. संगणक त्या तशा करी आणि ही अट पुढेही लक्षात ठेवी. एका मूळ आकृतीच्या अनेक प्रती काढता येत. मूळ बदलले की सगळ्या प्रती आपोआप बदलत. आज साठ वर्षांनीही आपल्यातले बरेच जण संगणकावर आकृती काढताना एवढी सोय वापरत नाहीत, हे कबूल करायला हवे.

पण स्केचपॅडलाही शेवटी पडद्याशी तडजोड करावी लागलीच. टीएक्स-२चा पडदा एका वेळी एकच ठिपका उजळवू शके. आतमध्ये 'रेष' होती, बाहेर ठिपक्यांची माळ. मग कोणते ठिपके उजळवायचे, हा प्रश्न आला.

त्याचे फार सुंदर उत्तर १९६२ साली जॅक ब्रेसनहॅम यांनी काढले. ते आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत होते आणि त्यांच्यापुढे पडदा नव्हता, १४०१ या संगणकाला जोडलेले पेनाने रेघा काढणारे यंत्र होते. पेन एका वेळी एकच पाऊल टाके: आडवे, उभे किंवा तिरपे. १४०१ मध्ये गुणाकार-भागाकाराची सोय जादा म्हणून वेगळी घ्यावी लागे. म्हणून ब्रेसनहॅम यांनी अपूर्णांक आणि भागाकार दोन्ही टाळून फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी वापरली.

आलेख कागदावर हे सहज करता येते. (०, ०) पासून (७, ३) पर्यंत रेष काढायची आहे. हातात एक 'बाकी' ठेवा, सुरुवातीला शून्य. उजवीकडे एक घर सरकले की बाकीत ३ मिळवा. बाकीची दुप्पट ७ किंवा जास्त झाली तर एक घर वर चढा आणि बाकीतून ७ वजा करा. पहिल्या पावलाला बाकी ३, दुप्पट ६, वर चढायचे नाही. दुसऱ्याला बाकी ६, दुप्पट १२, वर चढा, बाकी उणे १. तिसऱ्याला २, चढायचे नाही. चौथ्याला ५, चढा, उणे २. असे करत सातव्या पावलाला बरोबर (७, ३) वर पोहोचतो आणि बाकी पुन्हा शून्य होते. मधली घरे येतात (१, ०), (२, १), (३, १), (४, २), (५, २), (६, ३). भागाकार करून प्रत्येक उंची काढली आणि पूर्णांकावर नेली, तरी हीच घरे मिळतात. ब्रेसनहॅम यांनी ही रीत १९६३ मध्ये एका परिषदेत मांडली आणि १९६५ मध्ये ती छापून आली. आठवी-नववीच्या मुलांना ती एका तासात समजते. संगणकशास्त्रातल्या मोठ्या गोष्टी नेहमीच अवघड असतात, असा आपला गैरसमज कमी करायला ती उपयोगी आहे.

आता उलटे जाऊन पाहू. ही आठ घरे कोणाला दिली आणि विचारले, मूळ रेषेचा चढ किती होता? ३/७ हे उत्तर बरोबर आहे. पण (०, ०) मधून जाणारी ०.४२ चढाची रेषही हीच आठ घरे देते आणि ०.४९ चढाचीही. घरांवरून रेष परत मिळत नाही, फक्त अंदाज बांधता येतो. ठिपक्यांवरून पुन्हा सदिश चित्र बनवणारे प्रोग्राम आहेत, ते असाच अंदाज बांधतात. कधी तो छान जमतो. पण 'ही स्पर्शिका आहे' हे त्यांना कळायला मार्ग नाही.

असे असूनही ठिपक्यांचे पडदे जिंकले, याचे कारण संगणकाची स्मृती स्वस्त होत गेली हे आहे. १९७३ साली झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या 'ऑल्टो' संगणकाच्या पडद्यावर ६०६ गुणिले ८०८ ठिपके होते. काळा की पांढरा एवढेच लिहिले तरी त्यांना ६१ हजार बाइट लागत आणि त्या यंत्राची सुरुवातीची स्मृती १२८ किलोबाइट होती. केवळ पडदा दाखवण्यासाठी जवळजवळ निम्मी स्मृती खर्ची घालायची, हे त्या काळी उधळपट्टीचेच वाटले असणार. ठिपक्यांमुळे तिरप्या रेषा जिन्यासारख्या दिसत. १९७७ मध्ये फ्रँकलिन क्रो यांनी या दोषाची नीट चिकित्सा केली. त्यावरचा उपाय असा की रेषेने घराचा जेवढा भाग व्यापला असेल तेवढे घर करडे करायचे. डोळा फसतो आणि रेष गुळगुळीत दिसते. मात्र दोनच रंगांच्या आकृतीत आता करड्याच्या अनेक छटा शिरल्या. हे पुढे महागात पडते.

छपाईच्या बाबतीत एक शहाणपणाचा निर्णय झाला. झेरॉक्स सोडून आलेल्या जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये 'अडोबी' ही कंपनी काढली आणि १९८४ मध्ये 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा बाजारात आणली. पानाचे ठिपके संगणकाने करायचेच नाहीत. छपाईयंत्राला नुसत्या रचनेच्या पायऱ्या पाठवायच्या आणि ठिपके करण्याचे काम अगदी शेवटी, कागदाच्या तोंडाशी, त्या यंत्राने करायचे. १९८५ च्या 'लेझररायटर' यंत्रात इंचाला ३०० ठिपके होते. ए-४ आकाराच्या पानाला ते सुमारे ८७ लाख भरतात, म्हणजे ११ लाख बाइट. म्हणून त्या यंत्रात दीड मेगाबाइट स्मृती घातली होती, तर ज्या मॅकिंटॉश संगणकाला ते जोडायचे त्यात अर्धाच मेगाबाइट होती! त्याच फाइलमधून इंचाला २४०० ठिपक्यांच्या यंत्रावरही छापता येई, कारण आकार शाबूत होता.

आपली मराठी अक्षरेही आज अशीच साठवलेली असतात. आर. के. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा देवनागरी टंक विंडोज २००० बरोबर लाखो संगणकांवर पोहोचला. त्यातले प्रत्येक अक्षर म्हणजे वक्रांनी आखलेली बाह्यरेषा. पडद्यावर ती लहान आकारात दाखवताना शिरोरेषेची पंचाईत होते. शेजारच्या दोन अक्षरांची शिरोरेषा ठिपक्यांच्या वेगवेगळ्या ओळींत पडली तर शब्द मोडल्यासारखा दिसेल. म्हणून 'ही रेष अमुक ओळीतच बसव' अशा सूचना टंकातच लिहून ठेवण्याची सोय असते. अक्षर वाचता यायचे, तर शिरोरेषा ही शिरोरेषा आहे हे कोणीतरी संगणकाला सांगून ठेवावे लागते.

छपाईत जे जमले ते दूर अंतरावर चित्र पाठवताना लगेच जमले नाही. घेणाऱ्याकडे पायऱ्या समजणारा प्रोग्राम असेलच असे नव्हते. ठिपके मात्र कोणालाही दाखवता येत. आमच्या आकृतीपुरता हिशेब करू. पायऱ्या लिहिल्या तर शंभर-दीडशे अक्षरांत मावतात. ६०० गुणिले ६०० ठिपके केले आणि प्रत्येकाच्या रंगाला ३ बाइट दिले, तर १० लाख ८० हजार बाइट होतात. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला २४०० बिट जाणाऱ्या मोडेमने ते पाठवायला बरोबर एक तास लागला असता. म्हणजे आधी शंभर अक्षरांचा डोंगर करायचा आणि मग तो डोंगर पुन्हा कसा आवळावा याची चिंता करायची. आवळण्याच्या सगळ्या युक्त्या म्हणजे आपण फेकून दिलेला नियम ठिपक्यांत शोधण्याचा प्रयत्न आहे.

साधी युक्ती फॅक्सची. एका ओळीत ३०० पांढरे, २ काळे, २९८ पांढरे असतील तर सहाशे घरांऐवजी तीन संख्या लिहायच्या. त्याहून हुशार युक्ती इस्रायलमधल्या अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी १९७७ आणि १९७८ मध्ये दिली. ती आपल्या ओळखीची आहे. 'बाजू-कोन-बाजू' पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला की आपण फळ्यावर 'बाकोबा' लिहितो. लेंपेल-झिव रीतीत संगणक मजकूर वाचता वाचता पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांना अशी नावे देत जातो. खरी करामत ही की नावांचा कोश वेगळा पाठवावा लागत नाही. घेणारा संगणक वाचता वाचता तोच कोश आपल्या आपण तयार करतो. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये तिची एक सुटसुटीत, वेगवान आवृत्ती प्रसिद्ध केली.

अमेरिकेतल्या 'कॉम्प्युसर्व्ह' या माहितीसेवेने जून १९८७ मध्ये वेल्च यांची रीत वापरून चित्रांसाठी एक साचा ठरवला. तो म्हणजे जिफ. स्टीव्ह विल्हाइट हे त्यामागचे मुख्य अभियंते. रंग जास्तीत जास्त २५६, पण आवळताना एकही ठिपका बदलत नाही. आकृत्यांसाठी तो उत्तम होता आणि कोणालाही वापरायला मोकळा, असे सगळ्यांना वाटत होते. पण वेल्च ज्या कंपनीत होते तिने १९८५ मध्येच या रीतीचे पेटंट मिळवले होते. कंपनी पुढे 'युनिसिस'मध्ये विलीन झाली आणि डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जाहीर झाले की जिफ चित्रे तयार करणारे प्रोग्राम विकणाऱ्यांनी शुल्क द्यावे. एक गणिती रीत, तीही जगभर रुळून गेल्यावर, भाड्याने घ्यायची! पुष्कळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना याचा संताप आला आणि तो आम्हाला योग्यच वाटतो. पण नुसता संताप करून ते थांबले नाहीत. जानेवारी १९९५ च्या पहिल्याच आठवड्यात टॉमस बुटेल यांनी नव्या साच्याचा कच्चा आराखडा सगळ्यांपुढे ठेवला, एकमेकांना कधी न भेटलेल्या अनेकांनी तो सुधारला आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी पीएनजी हा साचा पक्का झाला. त्यात लेंपेल-झिव यांची १९७७ ची, पेटंटच्या कचाट्यात नसलेली रीत वापरली आहे. शिवाय एक छोटी युक्ती जोडली आहे: ठिपका जसाच्या तसा न लिहिता तो डावीकडच्या किंवा वरच्या ठिपक्याहून कितीने वेगळा आहे ते लिहायचे. एकसारख्या भागांत सगळी शून्ये येतात आणि शून्यांची रांग आवळायला सोपी. युनिसिसच्या अमेरिकी पेटंटची मुदत २००३ मध्ये संपली, तोवर पीएनजी घराघरांत पोहोचला होता.

फोटोंना मात्र हे लागू पडत नाही. आभाळाच्या फोटोत दोन शेजारचे ठिपके क्वचितच अगदी सारखे असतात. ते हळूहळू बदलतात. 'हळूहळू बदल' हाच तिथला नियम. तो पकडण्याचे गणित बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी शोधले. अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही; कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा आल्याचे त्यांनी पुढे लिहिले आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेपेग समितीने १९९२ मध्ये ठरवलेला साचा याच गणितावर उभा आहे.

चित्राचे ८ गुणिले ८ घरांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यातल्या ६४ संख्या म्हणजे ६४ ठरावीक कोसाइन लहरींची बेरीज आहे असे मानून प्रत्येक लहर किती प्रमाणात आहे ते काढायचे. काही लहरी संथ, काही दाट. इथवर काहीच हरवत नाही. यानंतर प्रत्येक प्रमाणाला एका ठरलेल्या संख्येने भागून पूर्णांकावर नेतात, आणि दाट लहरींना मोठ्या संख्येने भागतात. फोटोत दाट लहरींचा वाटा लहान असतो, त्यामुळे त्यांची बहुतेक शून्ये होतात. डोळ्याला फरक जाणवत नाही आणि फाइल दहाव्या हिश्श्यावर येऊ शकते.

पांढऱ्या कागदावरची काळी रेष नेमकी याच्या उलट असते. तिची कड तीक्ष्ण, बदल एकदम. अशी कड उभी करायला दाट लहरी भरपूर लागतात. त्यांच्यावर पूर्णांकाची कात्री चालली की उरलेल्या लहरी एकमेकींना नीट खोडून काढत नाहीत आणि रेषेच्या आजूबाजूला करडी तरंगे उमटतात. आमच्या प्रश्नपत्रिकेतला धुरळा तो हाच. आकृती चार जणांच्या हातून गेली होती आणि दर वेळी कोणीतरी ती उघडून, किंचित लहान करून, पुन्हा जेपेगमध्ये साठवली होती. प्रत्येक वेळी कात्री नव्याने चालली. दशांशचिन्ह म्हणजे दोन-तीन ठिपके; त्याचा टिकाव कुठे लागणार? पीएनजी केले असते तर ते वाचले असते, आणि फाइलही बहुधा लहान झाली असती.

सप्टेंबर २००१ मध्ये एसव्हीजी हा सदिश चित्रांचा खुला साचा मान्य झाला. आज पायऱ्याच पाठवता येतात आणि ठिपके घेणाऱ्याच्या पडद्यावर होतात. आमच्या आकृतीची तशी मूळ फाइल मात्र कोणीच जपून ठेवली नव्हती. ती आम्ही नव्याने काढली. वेळ लागला वीस मिनिटे.

त्या मुलीला आलेख कागद दिला आणि २५ घरे त्रिज्येचे वर्तुळ घरे रंगवून काढायला सांगितले. स्पर्शिकेशी नऊ घरे सामाईक निघाली. मग तिने विचारले, "सर, एकच घर सामाईक यायचे असेल तर त्रिज्या किती घ्यायची?" वर्गाने हिशेब केला. उत्तर आले एक घर. पण त्या वर्तुळात केंद्राभोवतीची चारच घरे रंगतात, आणि त्याला वर्तुळ म्हणावे की नाही यावर तास संपल्याची घंटा होईपर्यंत एकमत झाले नाही.